मरळीची राखण

सकाळी पोळ्या लाटताना फोन वाजला की मी पिठाच्या हातानं उचलत नाही, कोपरानंच स्पीकर लावते. पावसाळ्याच्या या उतरत्या दिवसांत त्या वेळेला फोन मामांचाच असतो. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या भागात सुना सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई. कशी आहेस, पोरगी काय करते, असलं काही मामा विचारत नाहीत. ते सरळ तळ्यावर येतात.

"पाणी निवळलंय. काल गढूळ होतं, आज पायाची बोटं दिसायलीत. वारं न्हाई. सांडव्याकडं चिलापी मासळी उड्या मारायलीय. खालच्या अंगाला शेवाळ लई झालंय, तिकडं गळ टाकू नको."

"मामा, मी बीडात आहे. शाळा आहे आज."

"ते ठाऊक हाय. पाणी कसं हाय ते सांगितलं," असं म्हणून ते फोन ठेवतात.

मग दिवसभर ते पाणी माझ्याबरोबर असतं. मी सातवीच्या वर्गात विशेषणं शिकवत असते आणि खिडकीबाहेर ढग आला की वाटतं, आता तिकडं पाण्याचा रंग बदलला असेल. नवरा, बालाजी, त्याच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून जेवायला येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "काय म्हणतंय तळं?" मी सांगते, निवळलंय. तो मान हलवतो आणि जेवायला बसतो. आमच्या घरात पेपर दुपारी उघडला जातो, तळ्याची बातमी मात्र शिळी झालेली चालत नाही.

हे तळं माझ्या सासरच्या गावी, नेकनूरहून आत, डोंगराच्या कडेला आहे. तीन बाजूंनी उघडी टेकाडं आणि चौथ्या बाजूला मातीची पाळ. पाळीवर बाभळी आहेत. बरेच उन्हाळे असे जातात की तळ्याच्या मधोमध पोरं क्रिकेट खेळतात. यंदा ते पुन्हा काठोकाठ भरलं आहे, आणि म्हणून मला माझ्या लग्नानंतरचा तो पहिला पावसाळा सारखा आठवतो आहे. त्या वर्षीही ते असंच भरलं होतं.

माझं माहेर तलवाड्याकडचं. आमच्या रानाच्या खालून कालव्याची चारी जायची, आणि चारीचं पाणी जिथं ओढ्यात पडायचं तिथं एक डोह होता. माझे वडील, बापू, दर रविवारी मला त्या डोहावर न्यायचे. गळाला गांडूळ कसं लावायचं, ज्वारीच्या ताटाचं तरंगतं भेंड सुतावर कुठं बांधायचं, ते भेंड नुसतं थरथरलं तर थांबायचं आणि बुडालं तर ओढायचं, हे सगळं मला बाराखडीच्या आधी आलं असेल. बापूंच्या शेजारी बसून मी बोलायला नव्हे, न बोलायला शिकले. लग्न होऊन डोंगराकडच्या या गावी आले तेव्हा उंबऱ्यातून आत येतानाच मला कळलं होतं की इथं पाणी टँकरचं असतं. गळ मी माहेरीच ठेवून आले होते.

आणि पहिल्याच पावसाळ्यात तळं भरलं. वरच्या गावाचं तळंही सांडलं आणि त्या पाण्याबरोबर मासेही आले. धुणं घेऊन मी पाळीवर गेले आणि पाहते तर कडेच्या उथळ पाण्यात बारीक मासळीची चांदी हलत होती. माझ्या हाताला अक्षरशः खाज सुटली. बालाजी तेव्हा बीडला कामाला होता, सुट्टीला यायचा. मी त्याला म्हटलं, येताना गळ आण. त्यानं बाजारातल्या सुतळी-दोरीवाल्याकडून चार गळ आणले आणि घाबरत घाबरत माझ्या हातात दिले.

आत्याबाईंना कळायला वेळ लागला नाही. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. मासा त्यांच्या घरात शिजला नव्हता आणि बाईनं गळ टाकलेला त्यांनी पाहिलाही नव्हता.

"बाया कुठं गळ टाकत्यात का?" त्या म्हणाल्या.

"आमच्याकडं टाकतात, आत्याबाई."

"तुमच्याकडं कालवा हाय. तिकडं काय बी चालतंय."

पण त्यांनी नको असं म्हटलं नाही. मी त्यातली फट ओळखली. रोज थोडं जास्तच धुणं काढायचं, ते धुवून दगडांवर वाळत घालायचं आणि ते वाळेपर्यंत गळ टाकून बसायचं, असा माझा क्रम सुरू झाला. त्या पावसाळ्यात आमच्या घरातल्या चादरी जितक्या स्वच्छ होत्या तितक्या पुन्हा कधी झाल्या नाहीत. मिळालेले मासे मी अंगणात तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात शिजवायचे. आत्याबाई त्या बाजूला फिरकत नसत. पण खिडकीतून येसराच्या मसाल्याची वाटी बाहेर सरकवली जायची, आणि थोड्या वेळानं आतून आवाज यायचा, "मीठ घातलंस का?"

घरात या सगळ्याचा आनंद न घेणारे एकटे मामा होते. खरं तर त्यांना कशाचाच आनंद होत नव्हता. जन्म मेंढरांमागं गेला होता त्यांचा. आदल्या उन्हाळ्यात गुडघ्यांनी साथ सोडली आणि कळप विकावा लागला. गाडीत मेंढरं चढताना ते घरात जाऊन बसले होते, असं बालाजीनं मला सांगितलं होतं. त्यानंतरही ते कोंबड्याच्या आधी उठायचे, पटका बांधायचे, काठी घ्यायचे, आणि दारापर्यंत जाऊन थांबायचे. मग ओसरीवर बसायचे ते जेवणापर्यंत. आत्याबाई चहा द्यायच्या आणि कप उचलून न्यायच्या. मी नवी सून. मामा दिसले की डोक्यावर पदर घ्यायचा, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, ही तिथली रीत. त्यांना काही हवं असलं तर ते भिंतीकडे बघून म्हणायचे, "पाणी मिळंल का?" आणि मी भिंतीच्या या बाजूनं तांब्या सरकवायचे.

एके दिवशी मामा तळ्यावर आले. लंगडत, काठी टेकत पाळ चढले आणि माझ्यापासून बरंच लांब, बाभळीखाली पाठमोरे बसले. मी पदर सावरला. ते कशाला आले, मला कळेना. दुसऱ्या दिवशीही आले. पुढच्या काही दिवसांत ते एकेक बाभूळ ओलांडत जवळ सरकत गेले, आणि एकदा मला ऐकू येईल इतक्या अंतरावर बसून पाण्याला म्हणाले, "पूर्वेचं वारं सुटलंय. आज काय लागत न्हाई वाटतं."

मी भेंडाकडे बघत म्हटलं, "ऊन उतरल्यावर लागतील."

थोड्या वेळानं ते म्हणाले, "परवा पाऊस झाला त्याचा गढूळपणा हाय अजून."

मी गळाला म्हटलं, "गढूळ पाण्यात त्यांना आमिष दिसत नाही."

असं आमचं बोलणं सुरू झालं. दोघंही पाण्याशी बोलायचो आणि पाण्यातूनच उत्तर मिळायचं. एखाद्यानं पाळीवरून पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, ही दोन वेडी माणसं आपापल्या नादात बडबडत बसली आहेत. मामा सांगायचे, आभाळ कुठून येतंय, डोंगरावर पाऊस झालाय का. मी सांगायचे, म्हणजे मासे आज खोल जातील की काठाला येतील. त्यांनी आयुष्यभर आभाळ पाहिलं होतं आणि मी पाण्यात वाढले होते. दोन्ही जोडून रोजचा अंदाज तयार व्हायचा. तो पुष्कळदा चुकायचा. चुकला की मामा पाण्याकडे रागानं बघायचे आणि मला पदराआड हसू यायचं.

मग ती मरळ दिसली.

दुपार होती. वारा पडला होता. सांडव्याच्या अलीकडं, पाणगवताच्या कडेला, पाण्याखाली सुपाएवढा लाल डाग हलताना दिसला. कुंकवाचं पाणी सांडावं तसा. पुन्हा पाहिलं तर त्या डागावर बारीक बुडबुडे येत होते, भात शिजताना येतात तसे. मी ते ओळखलं. मरळीची पिल्लं होती ती. मरळ म्हणजे काळी, मनगटाहून जाड, सापासारख्या डोक्याची मासळी. तिची पिल्लं लाल असतात, एकत्र राहतात, श्वास घ्यायला सगळी मिळून वर येतात. आणि आई खालीच असते. पिल्लांमध्ये काहीही पडलं की ती झेप घेते, म्हणून तिला धरणं सोपं. आमच्याकडं मरळ मिळाली की आळीत वाटे जातात. मी मोठा गळ काढला, त्याला बोटाएवढी मासळी लावली आणि हात मागं नेला.

"पोरी, नको."

मी चमकून वळले. मामा उभे होते आणि सरळ माझ्याकडे बघत होते. लग्नानंतर पहिल्यांदा.

"ती काय करायलीय बघ," ते म्हणाले.

मी गळ खाली घेतला. लाल डागातली चार-दोन पिल्लं गवताकडे भरकटली होती. खालून काळी सावली आली, त्यांच्या पलीकडून वळसा घातला, आणि पिल्लं परत घोळक्यात शिरली. सावली खाली गेली. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूची पिल्लं घोळक्यातून फुटली. पुन्हा सावली वर, पुन्हा वळसा. मामांच्या तोंडून नकळत जिभेचा आवाज निघाला, मेंढरं वळवताना काढतात तसा. त्यांचं त्यांनाच ते कळलं.

"हाकतेय ती," ते म्हणाले. "लहान कळप हाय. येकटीच हाय बिचारी."

ती आई होती की बाप, हे मला आजही सांगता येणार नाही. मरळीत दोघंही राखण करतात असं म्हणतात. मामांसाठी ती आई होती. मी गळ गुंडाळून ठेवला. खरं सांगायचं तर मला हळहळ वाटली होती. पण आपल्याशी कधी थेट न बोललेला माणूस पहिल्यांदा बोलतो, तेव्हा त्याचं ऐकावं वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून मामा माझ्या आधी तळ्यावर असायचे. कोंबड्याच्या आधी उठायचे, पटका बांधायचे, काठी घ्यायचे आणि आता दारात थांबायचे नाहीत. म्हशी पाण्यात उतरायला लागल्या की ते गुराख्यांना ओरडायचे, "तिकडल्या अंगानं घाला." गुराखी विचारायचे, का म्हनून? ते म्हणायचे, "काम हाय माझं हितं." खंड्या बाभळीवर येऊन बसला की ढेकूळ फेकायचे. पाणकावळ्यांशी तर त्यांचं उघड वैरच झालं. आत्याबाई माझ्याबरोबर भाकरी बांधून द्यायच्या आणि म्हणायच्या, "घरात बसले तरी ताप, तळ्यावर बसले तरी ताप." पण भाकरीबरोबर ठेचा असायचा, आणि भाकरी एक जास्तीची असायची.

गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. एके दुपारी माजी सरपंचाचा पुतण्या, संपत, दोन दोस्तांना घेऊन आला. एका दोस्ताच्या खांद्यावर पाण्यात फेकायचं जाळं. काकांकडं बाहेरगावचे पाहुणे यायचे होते आणि पाहुण्यांना मरळ खाऊ घालायची होती.

"कुठं हाय मामा, ती मरळ?" त्यानं विचारलं.

मामा उठून उभे राहिले. गुडघे दुखत असणार, पण काठी त्यांनी टेकली नाही, आडवी धरली. "हाय. पर जाळं टाकायचं न्हाई."

"तळं काय तुमचं हाय का?"

"तळं गावाचं हाय. दुसरीकडं टाक. लई मासळी हाय."

संपतनं दोस्ताकडे पाहिलं. "टाक बे," तो म्हणाला. दोस्तानं जाळं खांद्यावरून उतरवलं. मी पदर डोक्यावर ओढून लांब उभी होते. मामा तिघांना पुरे पडणारे नव्हते. त्यांना कुणी नुसता हात लावला असता तरी ते पडले असते.

मामांनी आवाज चढवला नाही. "संपत, जत्रेला मेंढा कुणाकडून न्यायचास?"

"तुमच्याकडूनच की."

"वीस वर्सं न्हेलास. कधी गाभण मेंढी दिली का तुला? लेकुरवाळी दिली?"

संपतनं डोकं खाजवलं.

"येकदा तू लई हट्ट केलतास. पाव्हणे दारात बसलेते. तरी दिली न्हाई. मग तूच म्हनलास, मामा, बरं केलं."

संपतचा चेहरा जरा सैल पडला. तो काठावर आला. "कुठं हायत पिल्लं?"

मामांनी काठीनं दाखवलं. संपत खाली बसला, मग उकिडवा झाला, मग चपला काढून पार पाण्याला टेकला. मरळ वर आली आणि तिनं वळसा घातला. "आयला," संपत हळूच म्हणाला, "वळवायलीय की." त्यानं दोस्ताला हातानंच जाळं गुंडाळायला सांगितलं. पाहुण्यांना त्या दिवशी त्यानं काय खाऊ घातलं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, या वेळी जाळं नव्हतं, बरोबर बायको होती. तिला त्यानं पिल्लं दाखवली, आणि मामा जे जे बोलले होते ते सगळं आपलंच असल्यासारखं तिला सांगितलं. मामा बाजूला बसून ऐकत होते आणि मान डोलावत होते.

त्या भाद्रपदात तळ्याची पाळ गावाची बसायची जागा झाली. माणसं येताना विड्या, शेंगा घेऊन यायची. मामा त्यांना मरळीबद्दल सांगायचे, मेंढरांबद्दल सांगायचे, आणि दोन्हीत फारसा फरक राहायचा नाही. मी आता पाळीच्या दुसऱ्या टोकाला गळ टाकून बसायचे आणि ते तिथून मला ओरडून विचारायचे, "लागलं का गं काही?" भिंतीशी बोलणारा माणूस भर गावासमोर सुनेला ओरडून विचारत होता. रीत कधी आणि कशी मोडली, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दिवस गेले तशी पिल्लं मोठी झाली. लाल रंग फिका पडला, मग काळपट झाला. घोळका सैल होत गेला. एका सकाळी मी गेले तर मामा पाळीवरून इकडून तिकडं फेऱ्या मारत होते.

"दिसंनात," ते म्हणाले. "तुला दिसायलीत का?"

मी नीट पाहिलं. गवताच्या कडेला काही नव्हतं. "पांगली, मामा. आता त्यांना आईची गरज नाही. आपापलं खातील."

ते पाळीवर खाली टेकले. मला भीती वाटली की आता ते उठतील, घरी जातील आणि पुन्हा ओसरीवर बसतील. दूर, तळ्याच्या मध्यावर, काहीतरी काळं वर आलं, श्वास घेतला आणि खाली गेलं. मामांनी ते पाहिलं.

"चला," ते म्हणाले, "येक बी गमावलं न्हाई म्हणायचं." मग माझ्याकडे वळले. "आता तो गळ आण हिकडं. ते गांडूळ कसं लावत्यात ते दाखीव."

त्या दिवशी त्यांनी पाण्यापेक्षा बाभळीलाच जास्त वेळा गळ लावला.

तेव्हापासून तळ्याला पाणी असेल त्या प्रत्येक वर्षी मामा गळ टाकतात. आम्ही बीडला राहायला आलो आणि सकाळचे फोन सुरू झाले. मधली काही वर्षं कोरडी गेली. त्या वर्षांतही फोन यायचा, "पाणी न्हाई" एवढंच सांगायला.

परवाच्या रविवारी आम्ही गावी गेलो. मामांचे गुडघे आता फारच गेलेत, म्हणून बालाजीनं त्यांना मोटारसायकलवर पाळीपर्यंत नेलं. पाणी मामांनी सांगितलं होतं तसंच होतं, हिरवट आणि निवांत. मामा आणि मी शेजारी शेजारी गळ टाकून बसलो. चिलापी लागत होती, बारीक होती, सोडून देत होतो. दुपारी भाकरीचं गाठोडं घेऊन आत्याबाई स्वतः आल्या. इतक्या वर्षांत त्या पाळीवर कधी चढल्या नव्हत्या. येतानाच पुटपुटत होत्या, ऊन लई हाय, जेवायची शुद्ध न्हाई, सुनेचा नाद सासऱ्याला बी लागलाय.

मामांनी भाकरी घ्यायला हात पुढं केला आणि गळाची काठी कुठं ठेवावी म्हणून इकडंतिकडं पाहिलं. "जरा धर," ते आत्याबाईंना म्हणाले.

"मी न्हाई."

"नुस्ती धर. म्या काय मासा खा म्हनत न्हाई तुला."

आत्याबाईंनी माळ पदराआड केली आणि दोन बोटांनी, विंचू धरावा तशी काठी धरली. आम्ही भाकरीचं गाठोडं सोडलं. मी ठेचा वाढला. मामा माझ्याशी उद्याच्या पाण्याबद्दल बोलायला लागले. ढग डोंगरावरून येतोय, रात्री पडला तर पाणी पुन्हा गढूळ होईल, मग बुधवारपर्यंत काही खरं नाही. मी म्हटलं, नाही मामा, पावसाच्या आधी मासे चांगले लागतात. आमचा वाद जरा रंगलाच.

मध्येच मी पाहिलं तर आत्याबाईंची दोन बोटं आता अख्खी मूठ झाली होती, आणि दुसरा हातही काठीवर आला होता. त्या पुढं झुकल्या होत्या. भेंड थरथरत होतं. मी सांगायला तोंड उघडलं, मामांनीही उघडलं. आत्याबाईंनी आमच्याकडे न बघताच एक हात वर केला.

"गप बसा दोघं बी," त्या म्हणाल्या. "माझ्या गळाला लागलंय."